५० मीटर रायफल: बॅरलला मानवणारा काडतुसांचा लॉट कसा ओळखावा?

प्रश्न (नाशिकचा पालक)

नमस्कार. माझी मुलगी १० मीटर एअर रायफलवरून नुकतीच ५० मीटर रायफलकडे वळली आहे. एअर रायफलसाठी ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर मापाच्या पेलेटचे डबे आणून, दोन्ही मारून पाहून, तिच्या बॅरलला (रायफलीच्या नळीला) काय मानवते ते आम्ही ठरवले होते. ५० मीटरला लागणाऱ्या पॉइंट टू-टूच्या (०.२२ इंची) काडतुसांबाबत मात्र तसा निर्णय होत नाही. एकाच कंपनीची, एकाच नावाची महागडी काडतुसे दोन लॉटमधली (एकाच वेळी बनलेल्या दोन वेगळ्या खेपांतली) घेतली, तर एका लॉटचा ग्रुप (टार्गेटवरील गोळ्यांचा पुंजका) नेटका बसतो आणि दुसऱ्याचा विखुरतो. क्लबमधल्या एका मुलाच्या रायफलीत हेच दोन लॉट नेमके उलटे वागतात. परवान्यावरील मर्यादा आणि खर्च पाहता लॉट तपासण्यासाठी किती काडतुसे वापरावीत, ती कशी मारावीत, आणि प्रोनमध्ये (पालथे झोपून मारताना) दर दहा गोळ्यांना ९६ ते ९७ गुण घेणाऱ्या मुलीला या खटाटोपाचा उपयोग आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (प्रशिक्षक, पुणे)

आपल्याला दिसले ते अगदी खरे आहे आणि त्यात रायफलीचा दोष नाही. पॉइंट टू-टूच्या काडतुसात पेटणारे रसायन बुडाच्या कडेत गोल फिरवून भरलेले असते. ते कडेत किती सारखे पसरले, दारू किती पडली, शिशाच्या गोळीचा घेर आणि तिच्यावरील वंगण कसे आहे, या सगळ्यांत लॉटगणिक सूक्ष्म फरक पडतात. मोठ्या बोअरच्या (नळीच्या आतील व्यासाच्या) रायफलीचे नेमबाज स्वतः काडतूस भरून ते बॅरलशी जुळवून घेऊ शकतात. या काडतुसात ती सोय नाही, म्हणून तयार लॉटांमधून निवड करणे एवढाच मार्ग उरतो. दुसरीकडे एकाच कारखान्यातील दोन बॅरलांच्या आतील व्यासात, चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या भागात) आणि तोंडाच्या कडेत काही मायक्रॉनचा फरक असतोच. त्यामुळे “सर्वांत चांगले काडतूस कोणते” या प्रश्नाला त्या बॅरलपासून वेगळे उत्तर नसते.

वेगाचे उदाहरण घ्या. मॅचची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते आणि नळीतून साधारण ३२५ ते ३३० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते. हा वेग मुद्दाम ध्वनीच्या खाली ठेवलेला असतो, कारण जास्त वेगाची गोळी वाटेत ध्वनीच्या वेगाखाली येताना डळमळते. आता त्याच लॉटमधील एखादी गोळी १० मीटर प्रति सेकंद हळू निघाली, तर ५० मीटरवर ती इतरांपेक्षा सुमारे ७ मिलिमीटर खाली बसते. दहा गुणांच्या वर्तुळाचा संपूर्ण व्यासच १०.४ मिलिमीटर आहे. अशी गोळी बसली की मुलगी आपला श्वास, पट्टा, ट्रिगर तपासत बसते आणि मूळ कारण खोक्यात असते. लॉट तपासण्याचा सर्वांत मोठा लाभ मला हाच वाटतो, की खेळाडू स्वतःच्या चुका निःशंकपणे वाचू शकतो.

प्रतिसाद २ (माजी राष्ट्रीय नेमबाज)

तपासणीच्या पद्धतीविषयी लिहितो, कारण बहुतेक काडतुसे तिथेच वाया जातात. पाच गोळ्यांचा एक सुंदर ग्रुप पाहून लॉट विकत घेऊ नये. पाच गोळ्यांच्या ग्रुपचे माप केवळ योगायोगाने खूप लहानमोठे होते. शिवाय तीच रायफल आणि तीच काडतुसे असूनही दहा गोळ्यांचा ग्रुप पाच गोळ्यांपेक्षा सरासरी सव्वापट मोठा येतो, म्हणून दोन लॉटांची तुलना नेहमी सारख्याच संख्येवर करावी. एका लॉटसाठी एक खोके, म्हणजे ५० काडतुसे, पुरेशी आहेत: पहिली दहा नळीत नव्या लॉटचे वंगण बसण्यासाठी सोडून द्यावीत आणि उरलेल्या चाळीसांचे दहा-दहाचे चार ग्रुप मारावेत. तीन लॉट असतील तर एकाचे चारही ग्रुप सलग न मारता आलटूनपालटून मारावेत, म्हणजे वारा आणि थकवा एकाच लॉटच्या वाट्याला येणार नाही. फक्त दर बदलानंतर काही गोळ्या हिशेबाबाहेर मारून घ्याव्यात; त्यासाठी मात्र खोक्यापेक्षा थोडी जादा काडतुसे लागतील. कंपनी वेगळी असेल तर वंगणही वेगळे असते, तेव्हा या सोडून द्यायच्या गोळ्या वाढवाव्यात.

इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर ग्रुपच्या टोकाच्या दोन गोळ्यांमधील अंतरापेक्षा मध्यापासूनचे सरासरी अंतर काढावे. त्यात प्रत्येक गोळी मोजली जाते. रायफल टेकू देऊन मारणे चालेल. बॅरल क्लॅम्पमध्ये घट्ट आवळून केलेली चाचणी अर्थातच अधिक स्वच्छ असते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ एली आणि जर्मनीत शोनेबेक येथे लापुआ या काडतूस कंपन्यांची अशी केंद्रे आहेत, जिथे नेमबाज आपली रायफल नेऊन लॉट निवडतात.

प्रतिसाद ३ (सांख्यिकी शिकवते, छंद म्हणून प्रोन)

उपयोग आहे का, या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते. गोळी ५.६ मिलिमीटरची असल्याने तिची कड रेषेला लागली तरी दहा मिळतात, म्हणजे तिचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत चालतो. नेमबाजामुळे आणि काडतुसामुळे गोळ्या जितक्या विखुरतात, त्या दोन मापांची थेट बेरीज होत नाही. दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावे लागते. मुलीचा स्वतःचा ग्रुप १७ मिलिमीटर धरला आणि लॉट १६ मिलिमीटरचा असला, तर टार्गेटवर सुमारे २३ दिसतील. लॉट १० चा असला तर २० च्या आत. पूर्णांक गुणांत हा फरक ढोबळमानाने दहा गोळ्यांमागे एक गुण होतो, आणि ६० गोळ्यांच्या सामन्यात तो लहान नाही. परंतु लॉट १० ऐवजी ९ मिलिमीटरचा मिळवण्यासाठी दुप्पट पैसे मोजले, तर टार्गेटवर जेमतेम अर्धा मिलिमीटर कमी होतो. म्हणून तिच्या पातळीवर वाईट लॉट टाळावा, सर्वोत्तमाच्या मागे धावू नये. मधल्या किमतीचा चांगला लॉट महागड्या पण न जुळणाऱ्या लॉटपेक्षा नक्कीच सरस. २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत तेजस्विनी सावंत यांनी प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण घेऊन सुवर्णपदक जिंकले. त्या पातळीवर मात्र तो अर्धा मिलिमीटरही महत्त्वाचा ठरतो.

प्रतिसाद ४ (प्रशिक्षक, पुणे)

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. दोन गोष्टी जोडतो. चाचणीपूर्वी चेंबरच्या पुढे साचणारी काजळीची कडी साफ झाली आहे ना, ते पाहावे. ती कडी असताना चांगला लॉटही वाईट दिसतो. आणि लॉट ठरला की परवान्याच्या मर्यादेत त्याच क्रमांकाची जास्तीत जास्त खोकी एकदम घ्यावीत, कारण संपलेला लॉट पुन्हा मिळत नाही. सामन्यांसाठीची खोकी वेगळी ठेवून सरावातील साठा चौथाईवर आला की पुढच्या लॉटची चाचणी सुरू करावी. म्हणजे तुलनेसाठी जुनी काडतुसे हाताशी असतात.