गच्चीवर कुठला पिक्चर?

(सोसायटीचा ग्रुप, सांगली. शनिवार, १३ डिसेंबर २०२५)

साळुंखे (चेअरमन): नमस्कार मंडळी. मंगळवारी १६ डिसेंबर, विजय दिवस. संध्याकाळी गच्चीवर पडदा लावून पिक्चर दाखवायचं ठरलंय. प्रोजेक्टर माझ्या मेव्हण्याचा, भाडं नाही. पोरांना विमानांचाच पिक्चर पाहिजे. नावं सुचवा.

पाटील वहिनी: थंडी आहे, साडेनऊच्या आत आटपा. भडंग मी करते. चहाचं कुणीतरी बघा.

रोहन ए-४०३: 'बॅटल ऑफ ब्रिटन' लावूया. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश-जर्मन हवाई लढाईचा, १९६९ चा. खरी स्पिटफायर, खरी हरिकेन, कॉम्प्युटरचं एकही विमान नाही. डीव्हीडी आहे माझ्याकडे.

कदम ए-२०२: इंग्रजी कोण बघणार? बॉर्डर लावा.

रोहन ए-४०३: बॉर्डर सगळ्यांना तोंडपाठ आहे की ओ काका.

कदम ए-२०२: म्हणून तर. सगळे मिळून डायलॉग म्हणू. आणि विमानं त्यातपण आहेत.

आबा मोहिते: बॉर्डरला माझी ना नाही. लोंगेवाला खरं घडलेलं आहे. ५ डिसेंबर १९७१ ची सकाळ. हंटर विमानांना अंधारात लढता येत नव्हतं, म्हणून मेजर चांदपुरींच्या २३ पंजाबच्या जवानांनी रात्रभर रणगाडे थोपवून धरले. उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर आली आणि रेतीत रणगाड्यांना पळायला जागा उरली नाही. पण वरून 'इथे आहे, तिथे आहे' असं सांगत एक छोटं कृषक विमान फिरत होतं, मेजर आत्मासिंग चालवत होते. त्याला ना वेग, ना बंदूक. त्या माणसाचं नाव किती जणांनी ऐकलंय?

रोहन ए-४०३: मी नव्हतं ऐकलं 🙏

आबा मोहिते: आता तुझ्या पिक्चरबद्दल. स्पिटफायर खरी आहेत, कबूल. जर्मन विमानं जर्मन नाहीत.

रोहन ए-४०३: म्हणजे?

आबा मोहिते: ती स्पेनची. मेसरश्मिट या जर्मन फायटरचा परवाना स्पेनकडे होता, पण महायुद्धानंतर जर्मन इंजिनं मिळेनात. मग त्यांनी ब्रिटिशांचं रोल्स-रॉइस मर्लिन बसवलं. हाइंकेल बॉम्बरचंही तेच केलं. म्हणजे पिक्चरमध्ये मारणारं स्पिटफायर मर्लिनवर, आणि धूर सोडत पडणारा 'जर्मन'पण मर्लिनवर. दोघांची गुरगुर एकच. डोळे मिटून बघितलास तर कोण कुणाच्या मागे लागलाय ते कळायचं नाही.

देशपांडे मावशी: हे वगनाट्यासारखं झालं. पहिल्या प्रवेशात शिपाई झालेला गडीच दुसऱ्यात राजाची मिशी लावून येतो.

आबा मोहिते: अगदी तसं, मावशी. आणि मिशी ओळखूपण येते. खऱ्या मेसरश्मिटचं इंजिन उलटं बसवलेलं असतं, त्यामुळे धुराड्यांची रांग नाकाच्या खालच्या अंगाला. या स्पॅनिश गड्याची वर आहे, आणि हनुवटीखाली गलगंड झाल्यासारखा फुगा. त्याचं नावच 'बुचॉन', म्हणजे छाती फुगवणारं कबूतर.

कदम ए-२०२: म्हणजे फसवलंच की आपल्याला. मग आताचे पिक्चर काय वाईट? कॉम्प्युटरवर हुबेहूब मेसरश्मिट काढतात, धुराडी बरोबर जागेवर.

रोहन ए-४०३: 'तोरा! तोरा! तोरा!' मध्येपण असंच आहे. जपानी विमानं म्हणून दाखवलीत त्यांतली बरीच अमेरिकेची टेक्सन, डागडुजी करून आणि रंग देऊन. आणि 'व्हेअर ईगल्स डेअर' मध्ये महायुद्ध चालू असताना बेल कंपनीचं असं हेलिकॉप्टर उतरतं, जे पहिल्यांदा उडालंच युद्ध संपल्यावर, डिसेंबर १९४५ मध्ये 😂

आबा मोहिते: टेक्सन म्हणजे आपलं हार्वर्ड. आपले कितीतरी पायलट त्याच्यावरच शिकले.
कदम, तुमचा प्रश्न बरोबर आहे. पण मी हवाई दलात आयुष्य विमानाच्या पोटाखाली काढलंय, म्हणून सांगतो. खऱ्या विमानाला वजन असतं. ते वळतं तेव्हा आधी पंख कलतो, मग नाक येतं, वेग मरतो, तो परत मिळवायला खाली यावं लागतं. कॉम्प्युटरचं विमान माशीसारखं वळतं. घरातली माशी बघा, कुठूनही कुठेही. आणि खऱ्या शूटिंगला कॅमेरावालाही दुसऱ्या विमानात बसून हिसके खात असतो. त्या १९६९ च्या पिक्चरला एक अख्खं मिचेल बॉम्बर कॅमेऱ्यासाठी घेतलं होतं. हवेत दुसऱ्या पायलटांना लगेच दिसावं म्हणून ते असं भडक रंगवलेलं, की आपल्याकडच्या मालट्रकनं लाजावं. नाव खोटं आणि विमान खरं, हे मला चालतं. नाव खरं आणि विमान खोटं असलं की माझा डोळा लागतो.

गुरव (वॉचमन): बी विंगची टाकी भरली. मोटर रूमची चावी कुणाकडे आहे? जागेवर नाही.

साळुंखे (चेअरमन): परत??

आबा मोहिते: आमच्याकडे हत्यारांच्या फळीवर प्रत्येक स्पॅनरची आकृती रंगवलेली असायची. संध्याकाळी एक आकृती रिकामी दिसली की विमान जमिनीवर, आणि आम्ही सगळे गुडघ्यावर शोधत. चावीसाठी तशी फळी करा म्हणून मी तीन सभांत बोललो.

पाटील वहिनी: चावी माझ्याकडे आहे, सॉरी 🙈 पाठवते.

कदम ए-२०२: आबा, राग मानू नका, पण ही सगळी म्युझियममधली भंगार विमानं. पोरांना राफेल दाखवा.

आबा मोहिते: भंगार म्हणालात ना, मग ऐका. दुसरं महायुद्ध संपल्यावर लिबरेटर नावाची चार इंजिनांची अवजड बॉम्बर कानपूरला सोडून दिलेली. पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून ठेवलेली. स्वातंत्र्यानंतर आपल्याला बॉम्बर पाहिजे होती आणि पैसा नव्हता. एचएएलच्या, म्हणजे आपल्या विमान कारखान्याच्या लोकांनी त्या ढिगातनं एकाचं हे, दुसऱ्याचं ते काढून विमानं उभी केली, आणि त्यांचे टेस्ट पायलट जिमी मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला उडवत नेली. एक-दोन नव्हे, चाळीसेक! आपण ती १९६८ पर्यंत वापरली. मग ज्यांनी फेकली होती त्या ब्रिटन-अमेरिकेच्या म्युझियमवाल्यांनाच चांगलं लिबरेटर मिळेना, तेव्हा ते आपल्याकडे मागायला आले. आज तिकडे ठेवलेल्यांतली काही आपल्या हवाई दलाचीच आहेत. एक पालमच्या म्युझियममध्ये आहे. मी तिच्या चाकाला हात लावून आलोय.

कदम ए-२०२: शब्द मागे 🙏 नाद खुळा.

नाईक सर: कानपूरपर्यंत कशाला जाता? आपल्या जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. १ सप्टेंबर १९६५. जम्मूकडच्या छांबला पाकिस्तानी रणगाडे घुसले, सैन्यानं हवाई मदत मागितली. संध्याकाळी एअर मार्शल अर्जन सिंग परवानगी मागायला संरक्षणमंत्र्यांकडे आले. संरक्षणमंत्री कोण? देवराष्ट्र्याचे यशवंतराव. निर्णय मिनिटांत झाला आणि पठाणकोटहून विमानं उडाली, व्हॅम्पायर आणि मिस्टेअर. ६२ ला लढाऊ विमानं जमिनीवरच राहिली होती. त्यामुळे तो 'हो' केवढा मोठा होता ते लक्षात घ्या. वर्गात पोरांना सांगायचो तेव्हा त्यांना फक्त 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री' एवढंच पाठ असायचं.

आबा मोहिते: सर, पण त्या संध्याकाळी चार व्हॅम्पायर पडली. तेपण सांगत जा. १९४३ ला पहिल्यांदा उडालेलं विमान ते, आणि पायलट बसतो तो पुढचा भाग चक्क लाकडाचा. प्लायवूड आणि बाल्सा. समोर पाकिस्तानची सेबर जेट. त्यानंतर व्हॅम्पायर आघाडीवरनं काढूनच घेतली.

नाईक सर: हे पुस्तकात असायला हवं.

रोहन ए-४०३: सेबरला मग नॅटनं धरलं ना? सेबर स्लेअर!

आबा मोहिते: धरलं. नॅट म्हणजे चिलट. तेवढंच होतं ते. मी ७२ ला भरती झालो, पहिलं विमान हाताखाली आलं ते नॅट. पंखांचा विस्तार पावणेसात मीटरच्या आसपास, लांबी नऊ. चेअरमन, आपलं एक पार्किंग अडीच मीटरचं. म्हणजे तीन पार्किंगात पंख मावतात, फक्त शेपटी कदमांच्या जागेत जाईल.

कदम ए-२०२: शेपटी आली तर मेंटेनन्स घेणार.

आबा मोहिते: पायलटला चढायला शिडी लागायची ती आकाशकंदिलाला लावतो तेवढी. लहान म्हणून शत्रूला दिसायचं नाही, पण लहान म्हणूनच आत हात घालायला जागा नाही. एक पाइप बदलायचा तर आधी चार दुसरे काढा. माझ्या मनगटावर अजून खुणा आहेत. बंदुका ऐन वेळी अडकायच्या, शेपटीच्या कंट्रोलची दुखणी वेगळी. लोक नॅटचं कौतुक करतात तेव्हा मला बरं वाटतं, आणि थोडं हसूपण येतं.

रोहन ए-४०३: उद्याच १४ तारीख. १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों.

नाईक सर: हवाई दलातलं एकमेव परमवीर चक्र.

आबा मोहिते: हो. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना त्याच धुरळ्यातनं उडाले. वर सहा सेबर. आम्हाला ट्रेनिंगला हे सांगितलं तेव्हा हँगरमध्ये कुणी बोललं नाही. मीही जास्त लिहीत नाही.

देशपांडे मावशी: तेव्हा मी दादरला मामाकडे होते. खिडक्यांना काळे कागद, भोंगा झाला की दिवे बंद. मामी अंधारात चाचपडत भाकरी थापायची, एक करपलीच. आम्हा पोरांना मजा वाटायची, लाज वाटते आता सांगायला.

साळुंखे (चेअरमन): मंडळी, पिक्चर ठरवा. तास झाला.

देशपांडे मावशी: 'विजेता' लावा. १९८२. गोविंद निहलानींचा. लिहिलाय आपल्या दिलीप चित्र्यांनी. पोरगा घरातल्या भांडणांतून बाहेर पडून फायटर पायलट होतो, शशी कपूर आणि रेखा आई-बाप. आणि 'मन आनंद आनंद छायो' त्यातलंच. आशाताई सांगलीत जन्मल्या, आपल्या गच्चीवर अहिर भैरव वाजू दे की एकदा!

कदम ए-२०२: युद्ध किती आहे त्यात?

देशपांडे मावशी: युद्धापेक्षा आई-बाप जास्त.

कदम ए-२०२: ते घरी रोज बघतो.

पाटील वहिनी: 🤣 वहिनींना स्क्रीनशॉट पाठवू का?

आबा मोहिते: मावशी, सलाम. माझ्या डोक्यात हेच होतं, पण मी म्हटलं असतं तर 'आबा परत सुरू झाले' झालं असतं. त्यात मिग-२१ आहे. खरं, आणि मिग म्हणूनच. कुणाची मिशी लावलेली नाही. ते विमान आता २६ सप्टेंबरला चंदीगडला निवृत्त झालं. १९६३ ला आलेलं, ६२ वर्षं. मी टीव्हीवर बघत होतो, बायको म्हणाली डोळ्यात काय गेलं. शेवटच्या काही वर्षांत त्याला लोक नाही नाही ते बोलले. त्या पिक्चरमध्ये ते भर तारुण्यात आहे. पोरांनी ते बघावं.

रोहन ए-४०३: माझं मत विजेता. बॅटल ऑफ ब्रिटन २६ जानेवारीला, आबांच्या कॉमेंट्रीसकट.

कदम ए-२०२: आणि बॉर्डर?

साळुंखे (चेअरमन): तुमच्या घरी, कदम. भडंगसहित. मंगळवारी सातला 'विजेता'. पडद्याला पांढरी चादर कोण देतंय? डबल बेडची पाहिजे.

पाटील वहिनी: माझी मिळणार नाही. गणपतीत दिली होती, उदबत्तीचं भोक पडून परत आली.

देशपांडे मावशी: माझी घ्या. त्या भोकाचं मला माहीत आहे, उदबत्ती माझीच होती.

अथर्वची आई सी-३०४: आबा, अथर्व विचारतोय, तुम्ही नुसत्या आवाजावरून विमान ओळखता का?

आबा मोहिते: ओळखायचो. नॅटमध्ये एक ऑर्फियस इंजिन, मारुतमध्ये तीच दोन. भिंतीपलीकडून सांगायचो कुठलं चाललंय. चेअरमन, मला खुर्ची पुढे ठेवा आणि स्पीकर उजवीकडे. डावा कान नॅटनंच नेला.

साळुंखे (चेअरमन): उजवीकडे पाण्याची टाकी आहे, आबा.

आबा मोहिते: मग माझी खुर्ची फिरवा. मी मान वळवून बघतो.