मिरीराणी : रणरागिणी की पक्की हिशेबी?

कुळागरी (धागाकर्ता)
मिरीराणीचा पुतळा उभारा, चौकाला नाव द्या, माझी काही ना नाही. पण ‘पोर्तुगीजांना ५४ वर्षं झुंजवणारी रणरागिणी’ हा मजकूर तिसऱ्यांदा व्हॉट्सॅपवर आला, म्हणून हा धागा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: चेन्नभैरादेवी ही कर्नाटकातल्या शरावतीकाठच्या गेरसोप्प्याची जैन राणी. राज्यकाळ १५५२ ते १६०६ असा छापून येतो. पोर्तुगीज तिला ‘राइन्या द पिमेंता’, मिरीची राणी म्हणत. गेल्या महिन्यात मडगावहून सकाळची गाडी धरून कुमट्याला उतरलो. मिरजानचा किल्ला पाहिला, दुसऱ्या दिवशी गेरसोप्प्याची चतुर्मुख बसदी, म्हणजे जैन मंदिर. चारी बाजूंना चार दारं, आत चारी दिशांना तोंड केलेले तीर्थंकर आणि भोवती नुसतं रान. इथे एक शहर होतं हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच: ती व्यापारी होती. पोर्तुगीज हे तिचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक आणि सर्वांत मोठा त्रास, दोन्ही एकदमच. लिस्बनच्या राजाला मिरीचा मक्ता हवा, हिला भाव हवा. कधी माल द्यायचा, कधी अडवायचा, गळ्याशी आलं की खंडणी कबूल करायची. यात स्वातंत्र्ययुद्ध कुठून आलं?

दिवजां
साफ असहमत. १५६९ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय लुईस द अताईद आरमार घेऊन शरावतीच्या मुखावरच्या होन्नावरवर उतरला आणि बंदर घेतलं. पुढच्याच वर्षी अली आदिलशहाने गोव्याला वेढा घातला. बाणस्तारीच्या खाडीपलीकडे विजापूरचं सैन्य महिनोन् महिने बसून होतं. अहमदनगरची निजामशाही चौलवर, कालिकतचा राजा सामुरी चाल्येच्या पोर्तुगीज किल्ल्यावर आणि त्याच सुमाराला हिचा वेढा होन्नावरच्या किल्ल्याला. पश्चिम किनारा एकदम पेटला त्यात ही बाई होती. नुसता हिशेब करणारी असती तर घरी बसून मिरी वाळवली असती.

कुळागरी
वेढा फसला, हे सांगायचं राहिलं बरं का. किल्ला काही हाती आला नाही. आणि त्या युतीत आपल्या फायद्यापुरता न आलेला एक तरी होता का?

शेवट तर बघा. पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ मध्ये गोव्याहून केळदीच्या नायकांच्या राजधानीला, इक्केरीला गेला, वाटेत गेरसोप्प्यावरून. तो लिहितो: राणी एका परक्या, हलक्या कुळातल्या माणसावर भाळली, राज्य त्याच्या हाती दिलं. त्याने सरदार फोडले. मग राणीने पोर्तुगीजांकडे मदत मागितली, बदल्यात अख्खं राज्य देऊ केलं. ते आले उशिरा आणि तेही मनावर न घेता. त्या माणसाने शेजारच्या केळदीच्या राजाला, वेंकटप्पा नायकाला बोलावलं. नायकाने येऊन दोघांनाही धरलं, त्याला मारलं, हिला मानाने कैदेत ठेवलं आणि शहर मोडून टाकलं. देल्ला वाल्लेला तिथे पडक्या घरांवर उगवलेली झाडं आणि शेतकऱ्यांची चारेक खोपटं दिसली. ‘पोर्तुगीजांची वैरीण’ शेवटी त्यांच्याच दारात गेली होती.

रोहिणी_साखळी
कुळागरीभाऊ, बसदीचं वर्णन छान, पण या ‘भाळली’वर जरा थांबू या. तुम्ही दिलेलीच सालं घ्या. १५५२ मध्ये राणी अगदी पंधरा वर्षांची होती असं धरलं तरी १६०६ मध्ये ती एकोणसत्तरची. या वयात परक्या पुरुषावर भाळून राज्य घालवलं? एक तर सालं चुकली, नाही तर दोन राण्या एकात मिसळल्या, नाही तर ही सतरा वर्षं चघळलेली बाजारगप्प. पुरुष राजा हरला की सैन्य कमी पडलं, फितुरी झाली. बाई हरली की प्रेमप्रकरण. हा साचा जुनाच.

याच देल्ला वाल्लेने मंगळूरजवळच्या उल्लाळची राणीही पाहिली. कमरेला साधं सुती वस्त्र, अनवाणी, पाण्याचे चर खणायचं काम चालू होतं तिथे स्वतः देखरेखीला आलेली. त्याला ती राणीपेक्षा स्वयंपाकघरातली मोलकरीण वाटली आणि मनात आलं, स्पेनच्या राजाची सैन्यं हिंदुस्थानात हरवणारी ती हीच! (तेव्हा पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचाच राजा होता.) ती बोलायला लागल्यावर मात्र त्याचं मत बदललं. उन्हात उभं राहून चर बघणं हा राज्यकारभार असतो, हे त्याला दिसलं आणि तरी पटकन कळलं नाही.

तेव्हाची खरी अडचण नवरा ही होती. इंग्लंडची एलिझाबेथ १५५८ ते १६०३, म्हणजे जवळपास आपल्या मिरीराणीचीच वर्षं. तिने लग्नाच्या बोलण्यांवर परदेशी राजांना झुलवत ठेवलं, लग्न केलं नाही. नवरा आला की राज्य त्याचं. स्कॉटलंडच्या मेरीने १५६७ मध्ये बॉथवेलशी लग्न केलं आणि त्याच वर्षी गादी गेली. उल्लाळच्या राणीचंही नवऱ्याशी फाटलं, तो बंगा घराण्याचा राजा, पोर्तुगीजांच्या बाजूला गेला.

जुना_पणजीकर
रोहिणीबाय, आकडेमोड मान्य. पण युरोपचं माप इकडे लावू नका. तुळूनाडात, म्हणजे मंगळूरकडच्या मुलुखात, अळियसंतान पद्धत, वारसा आईकडून. बाईने गादीवर बसणं ही तिथे नवलाई नव्हती. देल्ला वाल्ले स्वतःच सांगतो की इकडच्या राण्यांनी जोडीदार निवडणं गैर मानत नाहीत, लोकांचा राग त्याच्या कुळावर होता. अडचण बाईपणाची नव्हती, जातीची होती.

आणि गेरसोप्पं गिळणाऱ्या त्याच केळदी घराण्यात पुढे चेन्नम्मा गादीवर आली. १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीला निघाले तेव्हा औरंगजेबाची पर्वा न करता तिने त्यांना आसरा दिला. पण वारस म्हणून बसवप्पाला दत्तक घ्यावंच लागलं. आपल्या ताराराणींनीही १७०० पासून कारभार केला तो चार वर्षांच्या मुलाच्या नावाने. सगळी सत्ता हातात, शिक्का दुसऱ्याचा.

मीठमसाला
अवांतर: आमच्या सावईवेऱ्याच्या कुळागरात (बागायतीत) सुपारीवर मिरवेल आहे. शिडी लावून घड खुडायचे, चटईवर चार उन्हं द्यायची, हिरवा दाणा काळा पडून सुरकुततो. एका वेलीला किती थोडी मिरी सुटते ते बघितलं की जहाज भरायला किती डोंगर लागत असतील, असं वाटतं. राणीकडे तो माल होता वरच्या घाटात, पोर्तुगीजांकडे फक्त खालची बंदरं. माल थांबवला की गोव्याची जहाजं रिकामी. तिला तलवार काढायची गरजच काय?

कुळागरी
मीठमसाला, हेच तर मी पहिल्यापासून बोंबलतोय!

रोहिणीताईंचं गणित माझ्या डोक्यात आलं नव्हतं. भाळण्याचा भाग मागे घेतो. पण पोर्तुगीजांकडे मदत मागितल्याचा भाग का टाकावा? देल्ला वाल्ले पोर्तुगीजांनाही सोडत नाही, ‘मित्रांशी हे असंच वागतात’ म्हणून झोडपतो. तिथे त्याला खोटं लिहायचं कारण दिसत नाही.

दिवजां
म्हणजे बाईबद्दल लिहिलं ती गप्प आणि पोर्तुगीजांबद्दल लिहिलं तो पुरावा? एकाच पानावरचा अर्धा मजकूर तुम्ही तुमच्या सोयीने उचलता आणि फॉरवर्डवाल्यांना नावं ठेवता. होन्नावरचा वेढा फसला, पण घातला कुणी?