अनुभव: सीमाभागात सर्जन कसा शोधला, पदवी कशी तपासली, कार्ड कुठं चाललं

ऑपरेशन करायचं ठरलं की आपल्याकडं पहिला प्रश्न पडतो, कुठं न्यायचं? बेळगावात केएलई आहे, सिव्हिल आहे, खासगी हॉस्पिटलं तर गल्लोगल्ली. निपाणी-संकेश्वरकडचे कोल्हापूर गाठतात, अथणी-कागवाडचे मिरज. पण पाव्हण्यांनी सुचवलेला डॉक्टर आणि आपल्या हातातलं कार्ड यांचा मेळ बसेलच असं नाही. डॉक्टरची नोंदणी एका राज्यात, रेशन कार्ड दुसऱ्या राज्यातलं, असं आपल्या भागात नेहमीच होतं. तुम्ही सर्जन कसा निवडला, पदवी कशी पडताळली, पैशाचं काय झालं, ते लिहा. तक्रार असेल तर हॉस्पिटलचं नाव नको. काय घडलं आणि तुम्ही काय केलंत ते सांगा, पुढच्याला त्याचाच उपयोग होतो.

खानापूर

आईच्या पित्ताशयात खडे निघाले. सर्जनचं नाव मी आमच्या गावातल्या डॉक्टरांकडून घेतलं, कारण ऑपरेशन करून परतलेले पेशंट टाके काढायला आणि ड्रेसिंगला त्यांच्याकडंच येतात. कुणाची जखम स्वच्छ भरते आणि कुणाची चिघळते, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

पहिल्या भेटीत चिठ्ठी मिळाली. वर उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात केएमसी आणि पुढं नंबर. केएमसी म्हणजे कर्नाटक मेडिकल कौन्सिल. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या संकेतस्थळावर इंडियन मेडिकल रजिस्टर आहे, तिथं हा नंबर टाकला. डॉक्टरांचं नाव, वडिलांचं नाव, नोंदणीचं वर्ष, पदवी, विद्यापीठ सगळं दिसलं. वडिलांचं नाव जरूर जुळवा. एकाच नावा-आडनावाचे डॉक्टर बरेच सापडतात. अडचण एवढीच होती की तिथं फक्त एमबीबीएस दिसत होतं आणि दवाखान्याच्या पाटीवर एमएस. पुढच्या भेटीत विचारलं. डॉक्टरांनी फाइल काढून कौन्सिलचं वाढीव पदवीच्या नोंदीचं प्रमाणपत्र समोर ठेवलं, जराही न रागावता. त्यानंतर आईला तिथंच न्यायचं पक्कं केलं.

बेळगाव, निवृत्त परिचारिका

नावापुढची अक्षरं बघून दबून जाऊ नका. जनरल सर्जन म्हणजे एमबीबीएसवर एमएस किंवा डीएनबी. मेंदू, मूत्रमार्ग, लहान मुलं, प्लास्टिक सर्जरी यांसाठी त्यापुढं एमसीएच किंवा डीआरएनबी. एफएमएएस, एफआयएजीईएस या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतल्या फेलोशिप. एमएसच्या जोडीला असतील तर चांगलंच, पण एमएसची जागा त्या घेत नाहीत. आयुर्वेदातले एमएस वेगळे. त्यांच्यासाठीच्या 2020 च्या अधिसूचनेत शल्य (सर्वसाधारण शस्त्रक्रिया) आणि शालाक्य (डोळे, कान, नाक, घसा) मिळून 58 शस्त्रक्रियांचा उल्लेख आहे, आणि या डॉक्टरांची नोंद मेडिकल कौन्सिलकडं नाही, भारतीय वैद्यकाच्या मंडळाकडं असते. तुमच्यासमोर कोण बसलंय ते कळायलाच हवं.

माझं कळकळीचं सांगणं भुलीबद्दल आहे. सर्जनची चौकशी सगळे करतात, भूल देणाऱ्याची कुणीच करत नाही. छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून येतात. ते किती वेळ थांबणार, रात्री बीपी उतरलं तर कोण बघणार, आयसीयू तिथंच आहे की अॅम्ब्युलन्समधून हलवणार, हे आदल्या दिवशीच विचारा. खासगी दवाखान्याला 2007 च्या कर्नाटक कायद्याखाली, म्हणजे केपीएमईखाली, नोंदणी लागते. ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. संमतीपत्र बहुतेक वेळा कन्नड किंवा इंग्रजीत असतं. मराठीतून सांगा म्हणा. रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितल्याशिवाय घेतलेल्या सहीला अर्थ नाही.

निपाणी

माझी खासगी पॉलिसी, ऑपरेशन कोल्हापुरात. तिथल्या डॉक्टरांचा नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा असतो, म्हणजे रजिस्टरमध्ये कौन्सिल बदलून शोधायचं. पदवीचं काम सोपं गेलं, विम्यानं दमवलं.

कॅशलेसचा, म्हणजे बिल कंपनीनं थेट भरण्याचा, करार हॉस्पिटलशी असतो, सर्जनशी नाही. आमचे सर्जन तीन ठिकाणी ऑपरेशन करत. त्यांतलं एकच हॉस्पिटल माझ्या कंपनीच्या यादीत होतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘सगळ्या कंपन्या चालतात.’ मी टीपीएला, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम बघणाऱ्या संस्थेला, फोन लावला, पॉलिसी नंबर सांगितला आणि होकार ईमेलवर मागवला. यादीबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस मिळावं अशी सोय सामान्य विमा परिषदेनं जानेवारी 2024 मध्ये सुरू केली. ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी कंपनीला निदान 48 तास आधी कळवावं लागतं. पण हॉस्पिटलनं मान्य केलं तरच. मी यादीतलंच निवडलं.

दुसरं, खोलीचं भाडं. समजा विमा 3 लाखांचा आणि खोलीची मर्यादा 1 टक्का, म्हणजे रोज 3,000. तुम्ही 4,500 ची खोली घेतली तर वरचे 1,500 देऊन सुटका होत नाही. सर्जनची फी, थिएटर, नर्सिंग या सगळ्यांतून त्याच प्रमाणात एक तृतीयांश कापतात. औषधं आणि शरीरात बसवायच्या वस्तू या कपातीतून वगळलेल्या आहेत. घरचे म्हणत होते, ‘एवढं मोठं ऑपरेशन, जरा बरी खोली घे.’ मी हिशेब कागदावर मांडून दाखवला, मग गप्प झाले.

डिस्चार्जला अडवून ठेवतात, त्यावरही नियम आहे. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि शेवटची तीन तासांत द्यायची असते. मी हे शांतपणे सांगितलं, काम हललं.

बेळगाव तालुका

आमचं बीपीएल कार्ड. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार आहेत. एपीएलवाल्यांना खर्चाच्या 30 टक्के, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. तातडीचं नसेल तर आधी सरकारी दवाखाना, आणि तिथं होत नसेल तर त्यांची रेफरल चिठ्ठी. ही चिठ्ठी न घेता लोक थेट खासगीत जातात आणि मग कार्ड दाखवूनही काही होत नाही.

भावाच्या वेळी चिठ्ठी होती, हॉस्पिटल यादीत होतं, तरी एका ठिकाणी ‘थोडं डिपॉझिट भरा’ म्हणाले. वहिनी अंगावरचं सोनं काढायला निघाली होती. मी आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाला, बोलावलं, त्याच्यासमोर आयुष्मानच्या हेल्पलाइनला, 14555 ला, फोन लावला आणि पावती मागितली. डिपॉझिटचा विषय तिथंच संपला. गरिबाला घाबरवणं किती सोपं असतं, हे त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

बेळगाव

वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेतलं आणि त्यांच्या यादीतल्या हॉस्पिटलात गुडघा बदलला. सर्जन आधी ठरवायचा नाही, यादी आधी बघायची, एवढंच.

चंदगड

आम्हाला बेळगाव जवळ, पण कार्ड महाराष्ट्राचं. महात्मा जोतिराव फुले योजनेच्या 155388 वर फोन करून बेळगावातलं हॉस्पिटल आजच्या यादीत आहे का ते विचारलं. यादी बदलत राहते, शेजाऱ्याचा मागचा अनुभव पुरत नाही. तुमच्याकडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या सीमाभागातल्या, 865 गावांनाही ही योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्रानं 2023 मध्ये घेतला होता. तुमचं गाव त्यात असेल तर तुम्हीही विचारून बघा.

अथणी

सासऱ्यांना हर्निया आहे. पॉलिसी गेल्या वर्षी काढली. चालेल का?

निपाणी

ताई, अवघड आहे. हर्निया, पित्ताचे खडे, मोतीबिंदू यांना बहुतेक पॉलिसींत 24 महिने थांबावं लागतं. जुन्या कंपनीकडून पोर्ट केली असेल तर मागची वर्षं धरतात, ते कागद शोधा. सासरे सोसायटीचे सभासद आहेत का? सहकारी संस्थांच्या सभासदांची यशस्विनी योजना 2022-23 पासून पुन्हा चालू झाली आहे. नाव घातलेलं आहे का ते सेक्रेटरीला विचारा. आणि हर्निया आत जायचा थांबला, दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर कार्ड-बिर्ड बघत बसू नका, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात तसंच न्या.