आरोग्यावरील कॅगचा अहवाल सभागृहात ठेवल्यानंतर पुढे नेमके काय होते?

वैनगंगाकाठ:
मी तालुक्याच्या गावी शिक्षक आहे आणि गेली तीन वर्षे तेथील ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर काम करतो. या वर्षी मार्चअखेर औषधभांडारात पाय ठेवायला जागा नव्हती. खोकी थेट छताला टेकली होती आणि त्यांतील बऱ्याच खोक्यांवर मुदत संपण्याचा महिना सप्टेंबर असा छापलेला होता. त्याच रुग्णालयात जुलैमध्ये श्वानदंशाची लस नव्हती. एक आजी आठ वर्षांच्या नातवाला घेऊन सकाळी आल्या, हातात चिठ्ठी पडली आणि दुपारच्या एसटीने त्या ४० किलोमीटरवरच्या जिल्हा रुग्णालयात गेल्या. मुलाच्या पिंढरीला हळद लावून फडके बांधलेले होते, ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

अशा गोष्टींवर कॅगचे, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे, अहवाल येतात, वर्तमानपत्रात एक दिवस बातमी येते आणि विषय मिटतो. माझा प्रश्न असा, की अहवाल सभागृहात ठेवल्यानंतर तो कोण वाचतो, कोणाला जाब विचारला जातो, आणि आमच्यासारख्या समितीला त्या साखळीत कोठे हात घालता येतो?

जमाखर्च:
मी लेखापरीक्षण विभागातून निवृत्त झालो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आमचे पथक रुग्णालयात जाते, नोंदवह्या तपासते आणि प्रथम ज्याला आम्ही हाफ मार्जिन म्हणतो तो लेखी प्रश्न कार्यालयप्रमुखाला देतो. उत्तर पटले नाही तर तो आक्षेप निरीक्षण अहवालात जातो आणि गंभीर असेल तर परिच्छेदाच्या मसुद्याच्या रूपाने सचिवांपर्यंत पोहोचतो. त्यातून छापील अहवाल तयार होतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५१ नुसार केंद्राचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे आणि राज्याचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे ठेवला जातो. आपल्याकडे तो अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी ठेवला जातो, त्यामुळे सभागृहात त्यावर चर्चा होण्यास वावच उरत नाही.

खरे काम त्यानंतर लोकलेखा समितीत, म्हणजे सरकारी खर्चाचा जाब विचारणाऱ्या लोकप्रतिनिधींच्या समितीत होते. संसदेच्या समितीत लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ असे २२ सदस्य असतात, मंत्री सदस्य होऊ शकत नाहीत आणि १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. समिती मंत्र्यांना नव्हे, तर खात्याच्या सचिवांना साक्षीसाठी बोलावते. मी वरिष्ठांबरोबर अशा बैठकांना हजर राहिलेलो आहे. ज्या सदस्याने परिच्छेद खरोखर वाचलेला असतो, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या प्रश्नालाच सचिवांच्या मागे बसलेल्या अधिकाऱ्यांची कागद चाळण्याची धावपळ सुरू होते.

एक उदाहरण देतो. आयुष्मान भारत योजनेवरील अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यात ७,४९,८२० लाभार्थ्यांच्या नावापुढे ९९९९९९९९९९ हा एकच मोबाइल क्रमांक नोंदलेला आढळला. खात्याने खुलासा केला, की लाभार्थ्याची ओळख मोबाइल क्रमांकावरून पटवली जात नाही. हा खुलासा विचारात घेण्याजोगा आहे. मला त्याहून गंभीर वाटते ती दुसरी नोंद: माहिती प्रणालीत आधीच मृत दाखवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांपोटी ६.९७ कोटी रुपये अदा झालेले होते. बातम्यांत मात्र दहा वेळा नऊ असलेला तो मोबाइल क्रमांकच गाजला, कारण तो लक्षात ठेवायला सोपा होता.

थेम्सकाठ:
मी मूळची साताऱ्याची असून इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेत परिचारिका आहे. येथील लोकलेखा समिती १८६१ पासून आहे आणि तिच्यासमोरच्या साक्षी उघडपणे होतात, त्या कोणालाही घरबसल्या पाहता येतात. आरोग्य खात्याचे प्रमुख सचिव खर्चास व्यक्तिशः जबाबदार समजले जातात. समितीच्या शिफारशींना सरकारला साधारण दोन महिन्यांत लेखी उत्तर द्यावे लागते आणि शिफारस मान्य नसेल तर तसे कारणांसह सांगावे लागते.

यामुळे पैसा वाया जात नाही, असे मी म्हणणार नाही. करोनाच्या पहिल्या वर्षात येथे संरक्षक पोशाख, मुखपट्ट्या आणि हातमोजे यांवर १२ अब्ज पौंड खर्च झाले आणि त्यातील ८.७ अब्जांचे मूल्य खात्याला हिशेबातून कमी करावे लागले. त्या काळात आम्ही वॉर्डात एकेक गाऊन मोजून वापरत होतो. परंतु हे सर्व काही वर्षांतच अधिकाऱ्यांना समितीपुढे उघडपणे विचारले गेले आणि आमच्या विश्रांतीच्या खोलीत ती साक्ष आम्ही ऐकली. आपल्यावर काय गुदरले, हे कोणीतरी मोठ्याने विचारत आहे, याचा आधार वाटतो. भारतात समित्यांच्या बैठका बंद दाराआड का होतात, हे मला आजवर कळलेले नाही.

जमाखर्च:
बंद दाराच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो: कॅमेरा नसला की सदस्य पक्षाची भूमिका बाजूला ठेवून बोलतात. हे मी स्वतः पाहिले आहे. तरीही निदान आरोग्यासारख्या विषयावरच्या साक्षी खुल्या व्हाव्यात, असे माझेही मत आहे. आपल्याकडे अर्थसंकल्पावेळी मोजक्याच मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्यांवर सभागृहात चर्चा होते आणि उरलेल्या एकगठ्ठा मंजूर होतात. आरोग्य मंत्रालयाच्या मागण्या ३१ सदस्यांची विभागीय स्थायी समिती तपासते, पण तीही बंद दाराआडच.

औषधनिर्माता:
मी औषधभांडार सांभाळतो, त्यामुळे वरील चर्चेत एक बाजू राहिली, असे नम्रपणे सांगतो. अनुदान वर्षभर तुकड्यातुकड्याने येते आणि मोठा हिस्सा बीडीएस या शासनाच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसतो. ३१ मार्चपर्यंत खर्च केला नाही तर निधी परत जातो आणि पुढच्या वर्षीच्या बैठकीत ‘अखर्चित’ म्हणून आमचीच खरडपट्टी निघते. मग जे मिळेल ते घेतले जाते. आक्षेप निघतो तो मुदतबाह्य साठ्यावर आणि त्याचे उत्तर माझ्या सहीने जाते. निधी मार्चमध्ये का सोडला, हा प्रश्न ज्यांना विचारायला हवा, त्यांच्या टेबलापर्यंत तो फारसा पोहोचत नाही.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील माता व बालआरोग्यावरचा कॅगचा २०१७ चा अहवाल पाहावा. २७ राज्यांतील अखर्चित शिल्लक २०११-१२ मधील ७,३७५ कोटी रुपयांवरून २०१५-१६ मध्ये ९,५०९ कोटींवर गेली होती. एवढा पैसा शिल्लक राहणे हा केवळ खालच्यांचा आळस असू शकत नाही. खर्चाची टक्केवारी हेच कामगिरीचे माप धरले, तर छतापर्यंत रचलेली खोकी ही उत्तम कामगिरी ठरते.

आणखी एक. ई-औषधी या औषधसाठ्याच्या संगणक प्रणालीत साठा दिसतो. साठा नसल्यामुळे परत गेलेला माणूस दिसत नाही.

जमाखर्च:
औषधनिर्माता यांचे शेवटचे वाक्य मला मान्य करावे लागेल. लेखापरीक्षक कागद वाचतो आणि कागदावर नसलेली गोष्ट परिच्छेदात येत नाही. त्या आजींच्या फेऱ्याची नोंद कोणत्याही वहीत नसेल, तर आमच्या दृष्टीने तो फेरा घडलेलाच नाही.

वैनगंगाकाठ यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्या रुग्णालयाविरुद्धचे प्रलंबित आक्षेप आणि त्यांची अनुपालन उत्तरे माहितीच्या अधिकाराखाली मागता येतील. लोकलेखा समितीपुढील कामकाजाबाबत सभागृहाच्या विशेषाधिकाराची अडचण येऊ शकते, म्हणून रुग्णालयाच्या स्वतःच्या कागदांपुरताच अर्ज करावा. ती उत्तरे हाती आली, की आमदारांकडे गाऱ्हाणे नेण्याऐवजी परिच्छेदाचा क्रमांक, आरोग्यखर्चाचे लेखाशीर्ष २२१० आणि निधी वितरणाची तारीख घालून तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराच्या) प्रश्नाचा मसुदाच न्यावा. मोघम प्रश्नाला ‘कार्यवाही सुरू आहे’ असे उत्तर देऊन खाते मोकळे होते. वितरणाच्या तारखेबद्दल विचारले तर तारीखच द्यावी लागते.

वैनगंगाकाठ:
आपणा सर्वांचा आभारी आहे. पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेत मी दोन विषय घातले आहेत. पहिला, निधी प्रणालीवर दिसल्याची तारीख आणि खरेदी आदेशाची तारीख शेजारी शेजारी लिहून दर तिमाहीला समितीपुढे ठेवावी, म्हणजे मार्चचा दोष औषधनिर्मात्याच्या माथी बसणार नाही. दुसरा, बाहेरची चिठ्ठी दिलेल्या किंवा अन्यत्र पाठवलेल्या प्रत्येक रुग्णासाठी वेगळी नोंदवही असावी. त्यात नाव नको, वय, औषध, तारीख आणि कोठे पाठवले एवढेच असावे. जुलैतील त्या मुलाची नोंद बाह्यरुग्ण नोंदवहीवरून पडताळून पहिल्या ओळीत घेण्यास वैद्यकीय अधीक्षकांनी होकार दिला आहे. अशी वही लेखापरीक्षणात पुरावा म्हणून धरली जाते का?

जमाखर्च:
धरली जाते. पानांना क्रमांक घालून घ्या आणि दर महिनाअखेर अधीक्षकांची तारखेसह सही घ्या. पथक येईल तेव्हा ती वही कोणी मागण्याची वाट न पाहता टेबलावर ठेवा.