शब्दचर्चा : कॉस्मेटिक मॉडला 'रडी' म्हणायचं की 'लबाडी'?

बर्डीकर : माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेमच्या आमच्या सर्व्हरचे नियम मराठीत लिहायचे आहेत. 'चीटिंग'ला 'रडी' चालेल का? आणि नुसतं रूप बदलणारे 'कॉस्मेटिक' मॉड (खेळाडूनं गेममध्ये घातलेले बदल) त्यात धरायचे का?

धंतोली : रडी नको. रडी खाणारा बाद झाल्यावरही 'मी नाहीच' म्हणत अडून बसतो, तेही सगळ्यांदेखत. मॉडवाला गुपचूप करतो, म्हणून लबाडी. 'फसवणूक' मात्र काढा भाऊ, लगेच चारसोबीस आठवते. (तेही कलम आता न्याय संहितेत ३१८ झालं.)

ऑरेंज_सिटी : आंधळी कोशिंबिरीत पट्टीखालून पाहतात ना, एक्स-रे पॅक (दगड अदृश्य करून आतली खनिजं दाखवणारा) नेमका तोच प्रकार. नावाला टेक्स्चर पॅक (ठोकळ्यांचं रूप बदलणाऱ्या फाइली), म्हणजे 'सजावट'. आत दगडाची मॉडेल फाइल रिकामी केलेली असते. तेवढ्यानं भागत नाही, कारण शेजारी दगड आहे असं धरून गेम खनिजाची ती बाजू रेखाटतच नाही. म्हणून खनिजाच्या मॉडेलमधून 'कलफेस'ची (झाकलेली बाजू रेखाटू नको, या सूचनेची) नोंदही उडवावी लागते. इतकी खटपट कोणी शोभेसाठी करत नाही.

बर्डीकर : मग पॅकच बंद करू?

ऑरेंज_सिटी : काहून? पॅक खेळाडूच्या मशीनवर असतो, सर्व्हरला तो दिसतच नाही. सर्व्हर १६ × १६ ठोकळ्यांचा अख्खा चंक (जगाचा तुकडा) पाठवतो, त्यातले हिरेही त्याच्यासोबत जातात. बंदोबस्त तिथं करा. 'पेपर' हे सर्व्हर-सॉफ्टवेअर असेल तर त्यातली अँटी-एक्सरे सेटिंग चालू करा. इंजिन-मोड १ मध्ये दडलेल्या खनिजाच्या जागी दगड पाठवला जातो. २ मध्ये खोटी खनिजं पेरतात, पाहणाराच गोंधळतो. गुहेत हवेला लागून असलेलं खनिज मात्र दोन्हींत दिसतं, त्यामुळे तक्रारी पूर्ण थांबणार नाहीत. मोड २ ला नेटचा डेटाही जास्त लागतो. खेळाडूच्या फाइलीच तपासायच्या तर सोर्स इंजिनच्या (टीम फोर्ट्रेस २ सारख्या) खेळांत 'एसव्ही_प्युअर' हा सर्व्हरचा पर्याय आहे. तो खेळाडूच्या फाइली मूळ फाइलींशी ताडून पाहतो.

धंतोली : म्हणजे 'कॉस्मेटिक' हा शब्दच नियमात घोळ करतो. 'सौंदर्यप्रसाधन' तर लिहूच नका, पावडर-लाली वाटते! 'सजावटी' घ्या.

फुटाळा : 'लो फायर'चं काय? अंगाला आग लागली की ज्वाळा अर्धा पडदा झाकतात. तो पॅक त्यांना खाली दाबतो. दिसते सजावट, पण मारामारीत समोरचा स्पष्ट दिसतो. अन् हातातली तलवार छोटी दाखवणारा 'आखूड तलवार' पॅकही तसाच.

ऑरेंज_सिटी : त्यात लपवलेली माहिती उघडी पडत नाही, फक्त अडथळा कमी होतो. पण फायदा आहेच, नाही म्हणता येणार नाही. तो नियमात नाव घेऊन लिहा. परवानगी असेल तर लबाडी नाही, बंदी असूनही लावला तर लबाडी.

बर्डीकर : असं लिहितो : 'सजावटी बदल चालतील. खेळानं झाकलेलं दाखवणारा कोणताही बदल लबाडी धरला जाईल. लो फायर आणि आखूड तलवार चालेल.'

धंतोली : 'दाखवणारा'च्या पुढे 'किंवा ऐकवणारा' घाला. पावलांचा आवाज वाढवणारे पॅकही असतात.