गुण पडतात, श्रेणी हुकते

प्रश्न

महाविद्यालयीन मूल्यमापनाचा विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या आखणीवर काय परिणाम होतो, या विषयावरचा एक लेख सध्या तपासत आहे. लेखकाने एकाच परिच्छेदात ‘ग्रेड’साठी आधी ‘गुण’, मग ‘श्रेणी’ आणि शेवटी ‘श्रेयांक’ असे तीन शब्द वापरले आहेत. तोच शब्द पुन्हा येऊ नये म्हणून त्यांनी तसे केले असावे. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का, की एकच नक्की करून तो सगळीकडे ठेवावा?

प्रतिसाद

एकमेकांच्या जागी ते चालत नाहीत, आणि या विषयावरच्या लेखात तर मुळीच नाहीत, कारण विद्यार्थ्याने अभ्यास कसा करायचा हे या तीन शब्दांतील फरकावरच ठरते. कोशातील अर्थांपेक्षा त्यांच्यासोबत येणारी क्रियापदे पाहिली, तर हा फरक लवकर लक्षात येतो.

‘गुण’ पडतात, मिळतात, काढता येतात, दिले जातात आणि कापलेही जातात. ‘मला सत्तर पडले’ असे म्हणणारा विद्यार्थी स्वतःकडे कर्तेपण घेत नाही, तर ‘तिने नव्वद काढले’ या वाक्यात विहिरीतून पाणी शेंदावे तसे कष्ट दिसतात. ही सगळी क्रियापदे सुट्या, मोजता येणाऱ्या वस्तूंना लागणारी आहेत. जिथे निकाल गुणांतच लागतो तिथे प्रत्येक गुणाला सारखीच किंमत असते, म्हणून तेथील विद्यार्थी अर्ध्या गुणासाठीही उत्तरपत्रिका फेरतपासणीला देतो, आणि प्रश्नपत्रिकेत निवडीला वाव असेल तर एखादे प्रकरण सरळ ‘ऑप्शनला टाकतो’. (हा वाक्प्रचार परीक्षेतून निघून आता नको असलेल्या कोणत्याही कामाला चिकटला आहे, त्याला शुद्ध प्रतिशब्द शोधण्याच्या फंदात पडू नये, असे मला वाटते.)

‘श्रेणी’ मात्र कोणी काढत नाही आणि ती पडतही नाही. श्रेणीत बसावे लागते, नाहीतर ती हुकते. ‘एका गुणाने श्रेणी हुकली’ हे वाक्य आपण सहज बोलतो, पण त्यात सगळी व्यवस्था सामावलेली आहे: जे हुकते त्याला ठरलेली वेळ किंवा ठरलेली हद्द असते, आणि हद्दीच्या अलीकडे थोडक्यात राहिलेला व पुष्कळ मागे राहिलेला, दोघेही सारखेच बाहेर असतात. संस्कृतात ‘श्रेणी’ म्हणजे ओळ किंवा रांग. तिचा टप्पा हा अर्थ नंतर रुळला.

ही हद्द अभ्यासावर कशी चालून येते ते एका उदाहरणाने सांगतो. एका विषयात अंतर्गत मूल्यमापन ४० गुणांचे आणि अंतिम परीक्षा ६० गुणांची आहे. ८० ते ८९ गुणांना एक श्रेणी आणि ९० पासून वरची. विद्यार्थिनीला अंतर्गत ३४ मिळाले आहेत. वहीच्या शेवटच्या पानावर ती वजाबाकी करते: वरच्या श्रेणीसाठी ६० पैकी ५६ हवेत, खालच्या श्रेणीसाठी ४६ पुरतात. ५६ आवाक्याबाहेरचे वाटले की ४६ आणि ५५ यांच्यामधल्या गुणांचे मोल तिच्या लेखी शून्य होते, आणि त्या गुणांवर जे आठ-दहा तास गेले असते ते ती दुसऱ्या विषयाकडे वळवते. तिला आळशी म्हणता येणार नाही. तिने हिशेब बरोबर केला आहे. हेच मूल्यमापन गुणांत असते तर तिने ५०, ५२ असे जमेल तेवढे गाठण्याचा प्रयत्न केला असता. म्हणून ‘गुण’ लिहायचे तिथे ‘श्रेणी’ लिहिले, की लेखातील विद्यार्थ्याचे वागणेच वाचकाला कळेनासे होते.

श्रेणीच्या हद्दी कुठे आखायच्या हे शेवटी माणसेच ठरवतात. अमेरिकेतील माउंट होल्योक महाविद्यालयाने १८९७ मध्ये अक्षरश्रेणी स्वीकारली तेव्हा ‘ए’साठी ९५ गुण लागत आणि ७५ च्या खाली विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरे. आपण मराठीत लावतो ती ‘अ, ब, क, ड’ ही क्रमवारीही आपल्या वर्णमालेत कुठेच नाही. ती इंग्रजी अक्षरांची सावली आहे, आणि आता ती कोणाला खटकतही नाही.

‘श्रेयांक’ (इंग्रजीतील ‘क्रेडिट’) हा शब्द सर्वांत फसवा आहे. ‘श्रेय’ म्हटले की मराठी माणसाच्या मनात कौतुक किंवा यशाचा वाटा येतो, त्यामुळे चांगला अभ्यास केला तर जास्त श्रेयांक मिळतील असा समज होतो. वास्तविक श्रेयांक हे विषयाचे वजन आहे, विद्यार्थ्याची गुणवत्ता नव्हे. युरोपीय श्रेयांक पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक धरतात आणि एक श्रेयांक म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचे काम. विषयात उत्तीर्ण झालेल्या सर्वांना श्रेयांक सारखेच मिळतात. फरक पडतो तो सरासरीत. चार श्रेयांकांच्या विषयात ८ आणि दोन श्रेयांकांच्या विषयात ९ श्रेणीगुण (म्हणजे श्रेणीला दिलेला आकडा) असतील, तर सरासरी ५० भागिले ६, म्हणजे ८.३३ येते. मोठ्या विषयात एक श्रेणीगुण वाढला तर ती ९ होते, लहान विषयात वाढला तर ८.६७. विद्यार्थी वजनदार विषयाकडे का झुकतात, ते यावरून कळते. ‘भारांक’ हा शब्द अधिक सरळ झाला असता असे माझे मत आहे, परंतु रुळलेला शब्द आता बदलू नये.

उपप्रश्न

खुलाशाबद्दल आभारी आहे. त्याच लेखात पुढे ‘वक्रावर श्रेणी देणे’ असा प्रयोग आहे. तो ठेवावा का?

प्रतिसाद

ठेवू नये, मराठी वाचकाला त्यातून काहीच बोध होत नाही. तो इंग्रजी ‘ग्रेडिंग ऑन अ कर्व्ह’चा शब्दशः अनुवाद आहे. वर्गातल्या इतरांच्या तुलनेत दिलेल्या अशा श्रेणीला ‘सापेक्ष श्रेणी’ म्हणावे, आणि तिच्या विरुद्ध, आधी ठरलेल्या हद्दींवरून दिलेल्या श्रेणीला ‘निकषाधारित श्रेणी’. ‘निकष’ म्हणजे मुळात सोने घासून पाहण्याचा कसोटीचा दगड. आपल्या सोन्याचा कस शेजाऱ्याच्या सोन्यावर अवलंबून नसतो, तसेच निकषाधारित श्रेणीत वर्गातल्या इतरांनी किती काढले याने काही बिघडत नाही, त्यामुळे टिपणे एकमेकांना देण्यात तोटा नसतो. सापेक्ष श्रेणीत ‘श्रेणी’चा जुना, रांगेचा अर्थ परत येतो: एक पुढे गेला की दुसरा मागे ढकलला जातो, आणि टिपणे कपाटात जातात.

याची गंमत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २०१२ च्या अखेरीस दिसली. एका प्राध्यापकांचा नियम असा होता की वर्गातील सर्वाधिक गुण पूर्ण धरायचे आणि बाकीच्यांची श्रेणी त्याच्या प्रमाणात लावायची. विद्यार्थ्यांनी एकजुटीने अंतिम परीक्षेवर बहिष्कार टाकला. सर्वाधिक गुण शून्यच ठरल्याने सगळेच पहिले आले आणि नियमाप्रमाणे सर्वांना ‘ए’ द्यावी लागली. मात्र एक जण जरी आत जाऊन बसला असता तरी बेत कोसळला असता, म्हणून सगळे वर्गाबाहेर एकमेकांवर नजर ठेवून उभे होते.

तेव्हा आपल्या परिच्छेदात अंतर्गत परीक्षेच्या आकड्यासाठी ‘गुण’ राहू द्यावा आणि निकालाच्या अक्षरासाठी ‘श्रेणी’. ‘श्रेयांक वाढवण्यासाठी जास्त अभ्यास’ असे शेवटचे वाक्य असेल, तर लेखकाला सरासरी वाढवणे म्हणायचे आहे की जादा विषय घेणे, हे त्यांनाच विचारावे लागेल. ते शब्द बदलून सुटणारे नाही.