बारीक तपशिलाच्या कामांत होणारी ओढाताण

प्रश्न: मी लेखा विभागात काम करते. बिले टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीत चढवताना 5420 चे 5240 होतात आणि घरी वीजबिलाची मुदतही निसटते. मन लावूनही असे का व्हावे?

उत्तर: ताई, जुळणीतल्या फरकाला 9 ने भाग जात असेल, तर बहुधा अंकांची अदलाबदल झालेली असते; आपल्या उदाहरणात तो 180 आहे. पडताळणी लगेच न करता, मध्ये दुसरे काम उरकून, छापील प्रतीवर पट्टी ठेवून करावी.

दुसरे उत्तर: सूचना उत्तमच आहे, परंतु हा त्रास वयाच्या 12 व्या वर्षाआधीपासून घरी आणि शाळेतही होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडून एडीएचडीची (लक्ष टिकवणे अवघड करणाऱ्या विकाराची) तपासणी अवश्य करून घ्यावी, कारण तो आळस नव्हे. अपुऱ्या झोपेमुळे किंवा थायरॉइडच्या विकारामुळेही लक्ष उडते.

प्रश्नकर्ती: शाळेत हातच्याच्या वजाबाकीतही हेच होत असे. या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ घेते.